जावयाची जागा

आमच्या ऑफिसात तिला सबुरीबाई म्हणत. "नवीन आवृत्ती आलीय, टाकू का?" असं कोणी विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं, "जरा सबुरीनं." आम्ही सगळे प्रोग्राम लिहिणारे. ज्या साधनांनी लिहितो, त्यांचे अपडेट सारखे येत असतात आणि एखादा बिघडलेला निघाला तर सगळं ऑफिस हातावर हात ठेवून बसतं. तसं होऊ न देणं, हे सबुरीबाईचं काम. मी तिच्या शेजारच्या टेबलावर बसते. आमचं काम अपडेटमुळे कधी अडलं नाही, आणि म्हणूनच ती नेमकं काय करते हे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

कोपऱ्यात एक जुनं, खडखडणारं मशीन होतं. त्याचं नाव जावई. नवीन येईल ते आधी जावयाला वाढायचं आणि आमच्या रोजच्या कामाची नक्कल त्याच्यावर चालवून बघायची. पचलं, तर खिडकीकडच्या चौघांना, मग बाकीच्यांना. प्रत्येकाच्या मशीनवर जुनी आवृत्ती जपून ठेवलेली असायची, म्हणजे वेळ आली तर मागे फिरता यावं. जावयाकडे मात्र नाही. "त्याचं कुठे काय अडतंय?" म्हणायची. जावई आडवा पडला की हसायची, "पाहुण्याला बाधलं, घरचे वाचले."

मग तिचा मावसभाऊ आला. नोकरी गेलेली, दोन मुलं पदरात, चेहरा एवढासा झालेला. तिनं साहेबांकडे शब्द टाकला आणि त्याला आपल्या शेजारी बसवलं. "ताई, आधी खिडकीवालेच का?" "अरे, ते लगेच ओरडतात. बाकीचे सोसत बसतात." असं दिवसभर चालायचं. घास भरवावा तसं तिनं त्याला शिकवलं. मला तो पहिल्यापासून आवडला नव्हता. इतकं गोड बोलणारा माणूस दिसला की मी आधी पर्स सांभाळते. तिला म्हटलंही. तर म्हणाली, "अगं, मावशीचा मुलगा आहे तो!"

पुढे त्या मावशीच्याच गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. रजा मिळणार नाही म्हणून हा रडकुंडीला आला. शेवटी सबुरीबाईनंच रजा टाकली आणि मावशीच्या उशाशी जाऊन बसली.

इकडे साहेबांनी आम्हाला बोलावलं. यापुढे अपडेट आपोआप होतील, त्यासाठी वेगळं माणूस लागणार नाही, आणि हे सगळं यांनी केलं, म्हणून त्यांनी मावसभावाकडे बोट दाखवलं. तो मान खाली घालून उभा, अगदी गरीब गाय. आधी एक मशीन, मग खिडकीवाले, मग बाकीचे. सगळं जसंच्या तसं तिचं! माझं डोकंच फिरलं. "साहेब, ही पद्धत सबुरीबाईची आहे," मी म्हणाले. "असेल. करून यांनी दाखवली ना?" साहेब म्हणाले. सबुरीबाईंना प्रोग्राम लिहिता येत असेल तर परत आल्यावर काहीतरी करून दाखवू द्या, मग त्यांना ठेवायचं की नाही ते बघू, हेही वर ऐकवलं.

मी तिला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मावशीला यातलं काही कळू देऊ नकोस."

रात्री मावशीच्या उशाशी बसून, ऑफिसातलं आपलं मशीन दुरूनच चालवत तिनं प्रोग्राम लिहिला, छान लिहिला. दाखवायच्या दिवशी सकाळी ती आली, मशीन सुरू केलं आणि थबकली. काहीच चालेना. मी माझं बघितलं, ठीक होतं. सगळ्यांचंच ठीक होतं. तिनं कोपऱ्याकडे नजर टाकली. कोपरा रिकामा होता.

"जावई कुठाय रे?"

"भंगारात दिला, ताई. फार जुना झाला होता."

"मग आता आधी कोणाला वाढतोस?"

त्यानं मान वर केली नाही. "एक मशीन तर लागणारच होतं. तू रजेवर होतीस, तुझंच रिकामं होतं. काल रात्री आलेलं नवीन आधी तिथेच गेलं."

"जुनी आवृत्ती तरी ठेवलीस का माझ्याकडे?"

"तूच म्हणायचीस ना ताई... त्याचं कुठे काय अडतंय."

मला वाटलं, आता ती त्याच्या कानाखाली काढणार. मी तर काढलीच असती. तिनं फक्त खुर्ची मागे सारली. "आज मावशीचे टाके काढायचेत," ती म्हणाली. "वेळेवर घरी जा." तेवढ्यात साहेबांनी हाक मारली आणि ती रिकाम्या हातानं त्यांच्या खोलीकडे निघाली.

आमच्यापैकी कोणाचंही काम अडलं नव्हतं.