खोल न करायची विहीर

अक्काची विहीर खारी झाल्याचा फोन आला आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे अप्पांनी माझ्या मोटारसायकलला पहार बांधली. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, कारवारजवळ समुद्रकाठी दिलेली. घाटावरच्या आमच्या कुंभारवाडा गावात विहीर आटली की खोल करायची, पाणी लागतं. दोन वर्षांपूर्वी अक्काच्या विहिरीला पाणी कमी पडलं तेव्हा अप्पांनीच ती पाच हात खोल करून दिली होती, वर पंपही बसवला होता. आता आणखी पाच हात खणायची, हे त्यांनी कुणालाही न विचारता ठरवून टाकलं.

या वाटेला बस मोजक्याच, तेव्हा स्वतःची गाडी असलेली बरी. अणशी घाट उजेडातच उतरा, वळणं अवघड आहेत. नाक्यावर वनरक्षकानं पहारेकडे बोट दाखवलं.

"लेकीच्या हिरीला पानी लावाय चाललोय," अप्पा म्हणाले. त्यानं हसून सोडलं.

घाटाखाली मासळीचं जेवण दीडशेच्या आत पोटभर मिळतं. मी सोलकढी पुन्हा मागितली, तोवर अप्पा गाडीपाशी जाऊन उभे होते.

अक्कानं कोरा चहा दिला. दूध का नाही विचारलं, तर विहिरीच्या पाण्यात फाटतं म्हणाली. जेमतेम पिण्यापुरतं पाणी ती शेजारच्या रुक्मामावशीकडून दोन कळश्या आणत होती. अप्पांनी पेला खाली ठेवला आणि पहार उचलली.

त्यांना अडवलं ते मावशीनंच. सत्तरी ओलांडलेली कोळीण, पण आवाज खणखणीत. आधी माझ्या जागेत खणून दाखवा म्हणाली आणि आम्हाला किनाऱ्यामागच्या सुरूच्या झाडांखाली घेऊन गेली. गुडघाभर खड्ड्यात पाणी आलं. अप्पांनी चाखलं, गोडं. त्यांनी विजयानं माझ्याकडे पाहिलं. मावशी म्हणाली, थांबू नका. कमरेएवढं खणल्यावर त्यांनी पुन्हा ओंजळ तोंडाला लावली आणि खारं पाणी थुंकून टाकलं.

मग तिनं समजावलं. जमिनीखालून समुद्राकडे येणारं गोडं पाणी इथं खाऱ्या पाण्यावर दुधावरच्या सायीसारखं राहतं. वरवरचं काढलं तर वर्षभर पुरतं. खोल गेलात, पंपानं ओढलंत, की खालचं खारं वर चढतं.

अप्पांनी पहार खड्ड्याबाहेर ठेवली.

"म्हंजे हीर मीच नासवली."

"तुमास्नी ठावं न्हवतं, अप्पा," अक्का म्हणाली.

मला त्यांची फार कीव आली, पण त्यांना कीव करून घ्यायला सवड नव्हती. त्यांनी पंपानं विहीर उपसली, मग तो पंपच काढून ठेवला आणि स्वतः तळाशी उतरले. दोन दिवस मी चिकणमातीच्या पाट्या सोडत होतो आणि ते थरावर थर धुमशीनं ठोकत होते. जन्मभर खणत आलेला माणूस विहीर बुजवत होता, तीही बरोबर पाच हात. वर त्यांनी कप्पी बसवली. गोडं पाणी साठायला पावसाळा जाऊ द्या, मावशीनं बजावलं.

घरी आल्यावर पहार दाराआड गेली. अप्पांनी पावसाळाभर विहिरीचं नाव काढलं नाही. दसऱ्यानंतर अक्काचा फोन आला, तेव्हा मात्र माझ्या हातातून तो ओढूनच घेतला.

"दूध फाटतंय का गं?"

"न्हाई अप्पा."

फोन मला देऊन त्यांनी डोळे पुसले आणि आईला हाक मारली.

"च्या ठेव. दूध घालून."