शिवी मराठीत दिली म्हणून

आमच्या शेजारच्या अण्णांना टीव्हीच्या दोन वाहिन्यांनी मिळून एका संध्याकाळी मराठी करून टाकलं, आणि पोलिसांनी ते खरं मानून त्यांच्यावर केस घातली. अण्णा कन्नड. आई कन्नड, बाप कन्नड, बायको बागलकोटकडची, देवघरातली आरतीसुद्धा कन्नड. बेळगावच्या खासबागात आमच्या आणि त्यांच्या घरात एकच भिंत आहे आणि भिंतीच्या दोन्ही अंगांना यंत्रमाग. त्या भिंतीला टेकून मी तीस वर्षं संसार केलाय. अण्णा कोण, हे मला बेंगळूरच्या नि मुंबईच्या कोटवाल्यांनी सांगायची गरज नाही.

आधी शिव्यांचं सांगते, कारण सगळं तिथंच अडलंय. आम्हा विणकरांच्या गल्लीत एक रीत आहे, शिवी द्यायची ती शेजाऱ्याच्या भाषेत. मराठी घरातला माणूस चिडला की कन्नडमधून सुटतो, कन्नड घरातला मराठीतून. आपल्या भाषेतली शिवी आपल्या आईच्या कानात जाते, लेकरं उचलतात. दुसऱ्याच्या भाषेतली वाऱ्यावर जाते. आमचे हे, म्हणजे माझा नवरा, मागाचा धागा तुटला की असलं कन्नड काढतात की ऐकणाऱ्यानं कानात बोळे घालावेत. अण्णा कोवळ्या वयात शहापुरात मराठी मालकाच्या मागावर कामाला होते, तिथं ते शिव्या शिकले. एरवी त्यांचं मराठी अडखळत चालतं. चिडले की मात्र धो धो.

मला ते तंगी म्हणतात. कन्नडमध्ये धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात. रागावले की मराठीतून भवाने म्हणतात, आणि मीही कन्नडमधून त्यांना काय काय म्हणते ते इथं लिहीत नाही.

तर त्या दिवशी मी निपाणीहून परत येत होते. निपाणी माझं माहेर, भावाच्या घराची वास्तुशांत होती. स्टँडवर बघते तर अण्णा उभे, इचलकरंजीहून सूत घेऊन आलेले, कडेवर हा एवढा गठ्ठा. आम्ही बेळगावच्या बसला बसलो. संकेश्वर यायच्या आधी कंडक्टर आला आणि गठ्ठ्याचं लगेज तिकीट काढा म्हणाला, कन्नडमधून. अण्णा म्हणाले, मांडीवर हाय, जागा न्हाय अडवली. तो म्हणाला, नियम आहे. झालं! अण्णा उभेच राहिले. "मुडदा बशिवला तुझा! हे सूत हाय, म्हस न्हाय! म्हशीचं तिकीट काढतोस काय रं भाड्या?" सगळी बस हसायला लागली. कंडक्टर पण चिडला, त्यानं गठ्ठ्याला हात घातला, अण्णांनी त्याचा हात झटकला. हात झटकला, एवढंच. मारलं नाही. मी शेजारी बसले होते, माझ्या मांडीवर वास्तुशांतीचे लाडू होते आणि ते सांडू नयेत म्हणून मी दोघांच्या मधे हात घालून धरले होते.

पुढं काय झालं? काही नाही. ड्रायव्हर म्हणाला, गठ्ठा माझ्या मागं टाका आणि गप्प बसा. अण्णांनी टाकला. हत्तरगीच्या पुढं मी दोघांना एकेक लाडू दिला. बेळगावात उतरताना त्याच कंडक्टरनं गठ्ठा खाली द्यायला हात लावला आणि मला हळूच मराठीतून म्हणाला, "मावशी, ह्यास्नी राग लई येतोय व्हय? आमचं आप्पा बी असंच हाईत. आमी गुंजीचं." गुंजीचा! खानापूर तालुक्यातला, पक्का मराठी. अंगावर खाकी होती म्हणून ड्यूटीवर कन्नड बोलत होता. कन्नड माणूस मराठीत शिव्या देत होता आणि मराठी माणूस कन्नडमध्ये नियम सांगत होता. आमच्याकडं ह्याचं कुणाला नवल वाटत नाही.

पण मागच्या सीटवरनं कुणीतरी मोबाईलवर चित्र काढलं होतं. हात झटकला तेवढंच. लाडू त्यात नव्हता.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आमचे हे ओरडले, "अगं ये, अण्णा टीव्हीवर!" मी मागासाठी सुताच्या कांड्या भरायचं सोडून पळाले. बेंगळूरच्या वाहिनीवर अण्णा, भोवती लाल वर्तुळ, आणि खाली अक्षरं: कन्नड कंडक्टरवर मराठी गुंडाचा हल्ला. पडद्यावर चौकटीच चौकटी, चौकटीत एकेक माणूस, आणि सगळे एकाच वेळी बोंबलत होते. ह्यांनी रिमोट दाबला. मुंबईच्या वाहिनीवर तेच चित्र, तेच वर्तुळ, आणि खाली: बेळगावात मराठी विणकरावर अत्याचार. तिथंही चौकटी, तिथंही बोंबाबोंब. एकाही चौकटीतला माणूस निपाणीच्या स्टँडवर कधी चहा प्यायला असेल असं वाटत नव्हतं. नुसतं उंटावरून शेळ्या हाकणं.

आमच्या ह्यांचा बातम्यांचा एक हिशेब असतो. आधी कन्नड बघायच्या, मग मराठी बघायच्या, दोन्हीतलं निम्मं निम्मं घ्यायचं, खरं मधे सापडतं. सीमेवरच्या घराघरात हा हिशेब चालतो. दोन्ही भाषा कळतात ना, त्याचा माज! मी त्यांना म्हटलं, "घ्या आता निम्मं. एक म्हणतंय मराठी माणसानं मारलं, दुसरं म्हणतंय मराठी माणसाला मारलं. मधे काय राहिलं?" ते म्हणाले, "मराठी माणूस." आणि तेच तर खोटं होतं! दोन्हीकडून सारखं आलेलं तेवढंच, आणि तेच साफ खोटं. ह्यांचं तोंड उतरलं.

सकाळी पोलीस आले आणि अण्णांना घेऊन गेले. सरकारी माणसाच्या कामात अडथळा, वर दोन समाजांत तेढ. आम्ही दोघं ठाण्यात गेलो. साहेबाच्या डोक्यावर टीव्ही, आवाज बंद करून चालू. अण्णा हात जोडून कन्नडमधून सांगत होते की मी कन्नडच आहे. साहेब म्हणाले, "आता बरं कन्नड आठवलं?" मी म्हटलं, साहेब, कंडक्टरला बोलवा, तो स्वतः सांगेल. तर म्हणाले, बाई, वरून फोन आलाय, सगळ्या देशानं बातमी बघितलीय, मी काय करू? कंडक्टरनं पण ठाण्यात लिहून दिलं म्हणे की माझी काही तक्रार नाही. कोण वाचतो? चोर सोडून संन्याशाला फाशी.

दोन्हीकडच्या सरकारांनी मग काय केलं? इकडच्यांनी आपल्या बस बंद केल्या, तिकडच्यांनी त्यांच्या बंद केल्या. कोगनोळीच्या नाक्यावर पोलिसांची रांग. आमच्या गल्लीतलं इंटरनेट बंद, केबल बंद, त्यात स्वयंपाकाची न् भजनाची वाहिनीसुद्धा गेली. इकडच्या एका पुढाऱ्यानं दंड थोपटले, तिकडच्या एकानं मांडी. ज्यांनी काडी लावली त्यांना मात्र कुणी बोट लावलं नाही. उलट केबल सुरू झाल्यावर त्याच वाहिन्यांवर दोन्ही सरकारांच्या जाहिराती, हसऱ्या चेहऱ्यांच्या, दर दहा मिनिटांनी. आपणच चारा घालायचा आणि मग बैल उधळला म्हणून गल्ली बंद करायची. वा रे सरकार!

अण्णा जामिनावर सुटले. संध्याकाळी चारपाच लोक हार घेऊन आले, मराठी माणसाच्या पाठीशी आम्ही आहोत म्हणाले. अण्णा दारात उभे राहून म्हणाले, "नानू कन्नडदवनु री." मी कन्नड माणूस आहे. त्या लोकांनी एकमेकांकडं बघितलं, हार परत पिशवीत घातला आणि गेले. अण्णांच्या स्वतःच्या माणसांनी त्याहून वाईट केलं. अण्णा वर्षानुवर्षं मठाच्या पालखीला खांदा देत आलेले. यंदा निरोप आला, वातावरण निवळेपर्यंत जरा लांबच राहा. त्या दिवशी भिंतीपलीकडचा माग दुपारभर बंद होता. मला इतका संताप आला की मी विनाकारण ह्यांच्यावर ताट आपटलं.

अण्णा एकाच गोष्टीवर ठाम होते. वकील म्हणाला, गुन्हा कबूल करा, दंड भरा, एका दिवसात मोकळे व्हाल, नाहीतर वर्षं जातील. अण्णा म्हणाले, जाऊ देत. "केलंच न्हाय तर कबूल कशाला करू? कोर्टानंच सांगू दे की हा माणूस तसला न्हाय." दुसरं त्यांना काही नको होतं. टीव्हीनं जे काढून घेतलं ते एका न्यायाधीशानं तरी परत द्यावं, एवढीच त्यांची इच्छा.

मधे ठाण्यात शांतता समितीची बैठक झाली. चहा, बिस्किटं, भाषणं. मी उठले. म्हटलं, त्या वाहिन्यांना कुणी विचारलं का? एक मोठे अधिकारी समजुतीनं म्हणाले, मत मांडायचं स्वातंत्र्य आहे ताई, सरकारला त्यात हात घालता येत नाही. मी म्हटलं, घालूच नका! आज त्यांचं तोंड बांधाल, उद्या आमचं. दुसऱ्याच्या भाषेतल्या पाट्यांना डांबर फासलेलं आम्ही दोन्हीकडून बघितलंय. मतं मला बी लई हाईत, पण अण्णा कन्नड का मराठी हे काय मत हाय? बसमध्ये मारलं का हात झटकला, हे काय मत हाय? मत असेल तर पडद्यावर ठसठशीत लिहा की हे आमचं मत. बातमी खोटी निघाली तर त्याच वेळेला, त्याच आवाजात, तेवढाच वेळ बोंबलून सांगा की आम्ही चुकलो, आणि सरकारनं ते करायला लावावं. न्हाय केलं तर तुमच्या जाहिराती बंद करा. आणि टीव्ही बघून कुणाला धरू नका. आधी एक पोलीस धाडा, कंडक्टरला विचारा. एवढं जमत न्हाय? अधिकारी म्हणाले, सूचना चांगली आहे, वर कळवतो. वर म्हणजे कुठं ते काही कळलं नाही.

माझं बोलणं ऐकून मुंबईच्या वाहिनीवाले घरी आले. एक मुलगी, गोड बोलणारी, आणि एक कॅमेरावाला. मला वाटलं, आता होईल. मी कांड्या भरता भरता सगळं सांगितलं, सूत, म्हस, लाडू, गुंजीचा कंडक्टर, गल्लीतली रीत. ती मान डोलवत होती. मी म्हटलं, "व्हय, शिव्या दिल्या अण्णांनी. मराठीतच दिल्या, जोरात दिल्या." आणि लगेच पुढं म्हटलं, "कारण कन्नड माणूस हाय, आपल्या भाषेत शिवी देत न्हाय." संध्याकाळी चौकटींच्या गर्दीत मी दिसले. "व्हय, शिव्या दिल्या अण्णांनी. मराठीतच दिल्या, जोरात दिल्या." बास. खाली अक्षरं: मराठी बाणा, शेजारणीची ग्वाही. तासाभरात बेंगळूरच्या वाहिनीनं तेच उचललं: प्रत्यक्षदर्शी महिलेची कबुली.

मी त्या मुलीला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले. ती शांतपणे म्हणाली, "ताई, तो चर्चेचा कार्यक्रम होता. ती बातमी नव्हती, त्यात मतं असतात." मी तशीच ठाण्यात गेले, म्हटलं, हे बघा, त्या स्वतः सांगतात की ती बातमी नाही. साहेब म्हणाले, आम्ही टीव्हीवरची बातमी पुरावा म्हणून जोडलीय, आता काढता येत नाही. बोलणाऱ्याला ते मत, पोलिसांना तीच बातमी, आणि मधे अण्णा. महिन्याभरात माझ्या नावानं समन्स आलं. सरकारी साक्षीदार. अण्णांच्या विरुद्ध.

मी ठरवलं, कोर्टात सगळं बोलायचं, तिथं कोण कापणार? अण्णांचा वकील म्हणाला, बाई, सरकारी वकील टीव्हीवरचं तुमचं चित्र लावतील आणि विचारतील, ह्या तुम्हीच का? असं बोललात का? व्हय का न्हाय तेवढं सांगायचं. मला रात्रभर... असू दे. अण्णांना मी एवढंच म्हटलं की मी मागं हटणार नाही.

तारखेला मी बाकावर बसले होते. माझं नाव पुकारायच्या आधी अण्णा वकिलाच्या कानाला लागले. वकील एकदम उठला आणि न्यायाधीशसाहेबांना काहीतरी म्हणाला. साहेबांनी अण्णांना कन्नडमधून विचारलं, कुणाच्या दबावाखाली नाही ना? अण्णा म्हणाले, नाही. गुन्हा कबूल? कबूल. मी उभी राहून "अण्णा!" म्हणून ओरडले तर शिपायानं मला खाली बसवलं.

बाहेर आल्यावर मी त्यांच्यावर तुटूनच पडले, का केलंत, कशाला केलंत म्हणून. अण्णा पायरीवर बसले. त्यांच्या अडखळत्या मराठीतून म्हणाले, "तंगी, तुझ्या तोंडातनं माझ्यावर बोलवून घेतलं असतं त्यांनी. टीव्हीवर ऐकलं एकदा. समोर उभारून न्हाय ऐकवत मला." मी तिथंच पायरीवर बसून रडले. येणारे जाणारे बघत होते, बघू देत.

संध्याकाळी दोन्ही वाहिन्यांवर आलं. चौकटी नव्हत्या, बोंब नव्हती, कुणाचं मत नव्हतं. नुसती एक ओळ, एकीकडं कन्नडमध्ये, दुसरीकडं मराठीत: बस प्रकरणी आरोपीकडून गुन्हा कबूल. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्यावर खोटेपणाचा आळ घ्यायला मला जागा सापडली नाही. पलीकडं अण्णांच्या घरातही टीव्ही चालू होता, आणि मी दारातनं डोकावले तर ते एकटेच समोर बसून ऐकत होते.