आतलं पान

लवू आरोलकरांनी आयुष्यात दोन नोकऱ्या केल्या. आधी गिरणीत. गिरणीला टाळं लागलं, तेव्हा मरोळच्या एका कारखान्याच्या फाटकावर रखवालदार म्हणून. तिथे बावीस वर्षं काढली आणि एक गोष्ट पक्की शिकले. रखवालदाराचं तोंड रस्त्याकडे हवं. आत काय चाललंय ते त्यानं बघायचं नसतं.

निवृत्त झाल्यावर ते कॉम्प्युटरवर बंदुकीचा खेळ खेळू लागले. वय सदुसष्ट. त्याच कारखान्यातले चार जुने सोबती आपापल्या घरून खेळत. रोज दुपारी दोन ते चार. लहानपणी कुडाळला गलोलीनं कैऱ्या पाडलेला हात. नेम अजून शाबूत होता. समोरची पोरं कानातल्या फोनवर ओरडत, "अरे हा कोण आहे यार? वाट लावली!" लवूकाका चहाचा घोट घेत आणि पुढचा टिपत.

कॉम्प्युटर मात्र त्यांचा नव्हता. तो त्यांच्या बायकोचा होता.

विमलाबाई एकोणतीस वर्षं लग्नं जुळवत होत्या. मुलुंड पूर्वेला दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, दाराला पाटी नाही. पाटीची गरजही नव्हती. सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ल्याकडची माणसं भांडुप-कांजूरपासून डोंबिवलीपर्यंत पसरलेली. त्यांच्या घरात मुलगी पंचविशीला आली की कुणीतरी म्हणायचंच, "विमलावहिनींकडे नाव घातलं का?"

त्यांची पद्धत साधी होती. प्रत्येक स्थळाची दोन पानं. बाहेरच्या पानावर फोटो, शिक्षण, पगार, उंची, पत्रिका. ते सगळ्यांनी बघावं. आतलं पान विमलाबाई स्वतः लिहीत. मुलाला किंवा मुलीला एकट्याला समोर बसवत, आईबापांना बाहेरच्या खोलीत पाठवत आणि विचारत, "आता जे लपवावंसं वाटतं, ते सांग." आधीचं मोडलेलं लग्न. आजार. दारू. सुटलेली नोकरी. एखादं नाव, जे अजून विसरता येत नाही.

हे पान त्या कुणाला दाखवत नसत. कुणाला सांगतही नसत. स्थळ जुळत आलं की दोघांना स्वैपाकघरात बसवत आणि म्हणत, "आपलं आपण सांगा. मी चहा करते." सांगितलं नाही तर पुढची बोलणी नाहीत. सांगितलं आणि लग्न ठरलं, तर लग्नाच्या दिवशी ते पान घडी करून अक्षतांच्या पुडीत घालायचं आणि ज्याचं त्याच्या हातात द्यायचं. त्यांच्याकडे नक्कल उरत नसे.

लवूकाकांनी आतलं एकही पान कधी वाचलं नव्हतं. पानांचं कपाट त्यांच्याच पलंगाशेजारी होतं.

तीन वर्षांपूर्वी त्या कपाटाला वाळवी लागली. अकरा पानं गेली. विमलाबाई अकराही घरी जाऊन आल्या, पुन्हा विचारून लिहून आणली. तेव्हा समोरच्या दारातली श्वेता म्हणाली, "काकू, आता कॉम्प्युटरवर ठेवा. तिथे वाळवी नाही लागत." श्वेता सॉफ्टवेअर तपासायचं काम करायची. तिनंच कॉम्प्युटर आणून दिला, टाइप करायला शिकवलं. दोन महिने एका बोटानं टाइप करून विमलाबाईंनी सगळी पानं त्यात घातली. कागद जाळून टाकले.

पुढे दुपारी कॉम्प्युटर रिकामाच असतो म्हणून लवूकाकांनी त्यात खेळ घातला. विमलाबाई त्या वेळी झोपत. कुणाचं काही अडलं नाही.

मग एका सोमवारी खेळ उघडेना. पडद्यावर पाटी आली. खेळात लबाडी करणारे फार झालेत, त्यांना पकडायला एक नवा रखवालदार बसवावा लागेल. त्याच्याशिवाय खेळता येणार नाही. खाली इंग्रजीत लांबलचक मजकूर आणि एक चौकोन. सोबत्यांपैकी एकानं फोनवर सांगितलं, "लवू, कर रे हो. सगळ्यांनी केलंय."

लवूकाकांना उलट बरंच वाटलं. रखवालदार ही चांगलीच गोष्ट. सोसायटीत शिरताना वहीत सही करतो, तशी त्यांनी सही केली. कॉम्प्युटर बंद होऊन चालू झाला. खेळ सुरू झाला. त्या दुपारी त्यांनी एकोणीस जण टिपले.

तेरा दिवसांनी, रविवारी सकाळी, श्वेता प्रिंटर दुरुस्त करायला आली. पडद्याच्या कोपऱ्यातलं एक बारीक चिन्ह बघून थांबली.

"काका, हे कधी बसवलंत?"

"तो? तो वॉचमन आहे खेळाचा."

"खेळ तर बंद आहे आता."

"मग?"

"मग हा जागा का आहे?"

तिनं समजावून सांगितलं. हा रखवालदार फाटकावर उभा राहत नाही. कॉम्प्युटर सुरू होताना सगळ्यांच्या आधी आत येतो. प्रत्येक खोलीची किल्ली त्याच्याकडे असते. खेळ चालू असो नसो, तो बसून राहतो. कुठलं काय उघडतं, काय चालतं, ते बघू शकतो आणि बाहेर कळवू शकतो.

विमलाबाई वाटाणे सोलत होत्या. हात थांबला.

"माझी पानं बघितली त्यानं?"

"बहुतेक नाही, काकू. कंपनी म्हणते, फक्त लबाडी शोधतो."

"बघू शकतो का?"

श्वेतानं माउस सोडला. मग म्हणाली, "शकतो."

"बघितली नाहीत, हे मला कोण सांगेल?"

"कंपनीच."

"तिला मी कुठे गाठू?"

श्वेता कॉम्प्युटरकडे वळली. तिनं रखवालदार काढला. खेळ काढला. पानं वेगळ्या पेनड्राइव्हवर घेऊन कॉम्प्युटरवरची पुसली. "झालं," म्हणाली.

"पुसलं म्हणून न बघितलेलं होत नाही," विमलाबाई म्हणाल्या आणि उरलेले वाटाणे सोलले.

लवूकाका खुर्चीत आक्रसून बसले होते. "माका काय ठावक गो? वॉचमन म्हणून लिवलेला."

विमलाबाईंनी टरफलं गोळा करून टाकली. संध्याकाळी वही घेऊन बसल्या आणि नावं काढली. एकसष्ट. ज्यांची आतली पानं अजून त्यांच्याकडे होती, अशी एकसष्ट माणसं.

"काय करतंस?"

"सगळ्यांना सांगणार."

"खुळावलंस काय गो! कुणाला काय कळलंय तरी का? एकोणतीस वर्षांचं नाव घालवशील. उद्या एक स्थळ येणार नाही दारात."

"नाही येणार."

"मग?"

"त्यांनी मला सांगितलं होतं. माझ्या घरात दुसरा कोणी बसला असेल, तर ते त्यांना ठाऊक नको?"

श्वेतानं हे ऐकलं आणि दारातच उभी राहिली. "काकू, मोठ्या कंपन्याही असं करत नाहीत. केलं तरी महिन्यांनी एक मेल पाठवतात, कुणी वाचू नये असा."

"त्यांना कुणाच्या लग्नाला जायचं नसेल," विमलाबाई म्हणाल्या.

सोमवारी सकाळी अकरा वाजता पहिला फोन लागला. विमलाबाई थोडक्यात सांगत. काय झालं, कधी झालं, आपल्याला काय ठाऊक आहे आणि काय नाही. आईबापांना नाही, ज्याचं पान त्यालाच. मग म्हणत, "तुझं पान परत हवं असेल तर ये. नाव काढायचं असेल तर काढते." आणि फोन नवऱ्याच्या हातात देत. "ओ, आता तुमी बोला."

लवूकाकांनी एकसष्ट वेळा सांगितलं, "चूक माझी. मी सही केली." एकजण म्हणाला, "काका, सोडा हो, माझा फोन माझं सगळं आधीच ऐकतो." एक मुलगी रडली. एका मुलाच्या आजोबांनी मधेच फोन ओढून घेतला आणि म्हणाले, "लवू, मेल्या, या वयात बंदुका कसल्या चालवतंस?" आणि हसले. बाकी बरेच हसले नाहीत. पहिल्या आठवड्यात चौदा नावं गेली.

विमलाबाईंना खरी भीती एका घराची होती.

येत्या रविवारी मधुवंती आणि यज्ञेश स्वैपाकघरात बसणार होते. मधुवंती बत्तीस वर्षांची, कांजूरला एका प्रयोगशाळेत कामाला. चार स्थळं तिला नाकारून गेलेली. का, ते विमलाबाईंना ठाऊक होतं. आधीच्या एका वधूवर मंडळातल्या बाईंनी तिची गोष्ट परस्पर फोडली होती. म्हणून मधुवंती इथे आली होती. पान लिहून झाल्यावर तिनं विचारलं होतं, "हे नक्की मीच सांगेन ना? दुसरं कुणी नाही?" विमलाबाईंनी मान हलवली होती.

आता तिला फोन करायचा होता. तो ऐकून ती निघून गेली असती, तर विमलाबाईंना तिला अडवता आलं नसतं.

मधुवंतीनं ऐकून फोन ठेवला. अर्ध्या तासात रिक्षा करून घरी आली. लवूकाकांनी दार उघडलं आणि बाजूला झाले.

"पान द्या," ती म्हणाली.

श्वेतानं पेनड्राइव्ह आपल्या लॅपटॉपला लावला, इंटरनेट काढून टाकलं आणि बाहेर गेली. मधुवंतीनं स्वतःचं पान पहिल्यांदाच वाचलं. चारच ओळी होत्या. 'शाळेपासून फिट्स येत. सहा वर्षांत एकही नाही. गोळी रोज, कधी चुकत नाही. हे सांगताना तिचा आवाज हलला नाही.'

तिनं ते दोनदा वाचलं आणि तिथेच राहू दिलं.

"रविवारपर्यंत थांबत नाही," ती म्हणाली. "आजच सांगते त्याला. आधी कुणी सांगायला नको."

तिनं गॅलरीत जाऊन फोन केला. दार लावून घेतलं. लवूकाका उठून बाहेरच्या दाराशी गेले आणि जिन्याकडे तोंड करून उभे राहिले.

वीस मिनिटांनी विमलाबाईंचा फोन वाजला. यज्ञेशची आई, शांताबाई. भांडुपच्या. आवाज चढलेला.

"काय चाललंय, वहिनी? आमच्या यज्ञेशलाही तुमचा फोन आला म्हणे. कॉम्प्युटरात कुणीतरी शिरलं. आता ही पोरगी त्याला इतका वेळ काय सांगतेय? असं काय लिहून ठेवलंय तुम्ही तिचं, की कुणी बघितलं तर आभाळ कोसळेल?"

"शांताबाई, तुमच्या मुलाचंही पान आहे माझ्याकडे."

पलीकडून हळू आवाजात, "काय आहे त्यात?"

"ते तो सांगेल."

"मी आई आहे त्याची!"

"म्हणूनच तर बाहेरच्या खोलीत बसवलं होतं तुम्हाला."

शांताबाईंनी फोन आपटला. विमलाबाईंनी वहीत यज्ञेशच्या नावापुढे काहीच केलं नाही. ना खूण, ना काट.

मधुवंती गॅलरीतून आत आली. डोळे कोरडे होते. "त्यानं पण सांगितलं," म्हणाली. "रविवारी येतोय." चहा न घेता गेली.

त्या आठवड्यापासून दुपारी दोन ते चार विमलाबाई झोपल्या नाहीत. उरलेली सत्तेचाळीस पानं त्या पेनड्राइव्हवरून पुन्हा कागदावर उतरवू लागल्या. शाईपेननं, सुवाच्य अक्षरात. पत्र्याची ट्रंक आणली, तळाशी कडुनिंबाचा पाला घातला. लवूकाकांनी खुर्ची उचलून दारात नेली, त्यांच्याकडे पाठ करून बसले आणि कुणी आलं तर "वहिनी कामात आहेत" असं सांगू लागले. सोबत्यांचे फोन येत. "लवू, येत नाहीस? समोरची पोरं माजली रे!" ते म्हणत, "ड्यूटीवर आहे."

नवव्या दुपारी शेवटचं पान संपलं. विमलाबाई म्हणाल्या, "ओ, कॉम्प्युटर आता रिकामा आहे. खेळा जावा. तुमच्या त्या वॉचमनला बघायला आता काय उरलंय?"

लवूकाकांनी खेळ पुन्हा घातला. या वेळी तो इंग्रजी मजकूर त्यांनी श्वेताकडून सगळा वाचून घेतला. पावणेदोन तास लागले. मग सही केली.

मार्गशीर्षात भांडुपच्या हॉलमध्ये मधुवंतीचं लग्न लागलं. विमलाबाईंनी तिच्या हातात अक्षतांची पुडी दिली. तिनं ती मुठीत धरली.

तेवढ्यात शांताबाई गर्दीतून वाट काढत आल्या. फोन आपटल्यापासून त्या विमलाबाईंशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. आता समोर उभ्या राहिल्या आणि हात पुढे केला.

"आणि आमच्या यज्ञेशची पुडी?"

विमलाबाईंनी पर्समधून दुसरी पुडी काढली. पण ती शांताबाईंच्या हातावर ठेवली नाही. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या नवऱ्यामुलाला दिली.

शांताबाईंनी एकवार विमलाबाईंकडे पाहिलं, एकवार मुलाच्या बंद मुठीकडे. मग पदर सावरत लवूकाकांकडे वळल्या.

"माझ्या धाकट्या नीलमचं नाव घालायचंय," त्या म्हणाल्या. "कधी येऊ? आणि मी बाहेरच्याच खोलीत बसेन."