जाळलेल्या साखरेचं चिली चिकन
साखर करपल्याचा वास आला की नव्वदच्या दशकातलं, इस्रायलमधल्या रामल्यातलं आमचं स्वयंपाकघर आठवतं. धाकट्या बहिणीला डॉक्टरांनी गहू कायमचा बंद केला होता. सोया सॉसमध्येही गहू असतो, त्यामुळे तिचं आवडतं हॉटेलातलं चिली चिकन सुटलं. घरी तिचं जेवण वेगळं शिजे आणि दुसऱ्याच्या ताटाला हात लावायची तिला बंदी होती. एका शुक्रवारी आईने साखर काळी होईपर्यंत जाळली, त्यात आमसुलाचं पाणी, मीठ आणि मिरच्या घातल्या, कोंबडी तांदळाच्या पिठात तळली. मूळचे अलिबागचे वडील म्हणाले, "हे चायनीज अलिबागचं दिसतंय." "गपचूप जेवा," आई म्हणाली. बहिणीने हिब्रूत विचारलं, "यातलं माझं कुठलं?" आई मराठीत म्हणाली, "सगळंच. आज आम्ही तुझ्यातलं जेवतोय." तिने आधी वडिलांच्या ताटातला तुकडा उचलला. आता गव्हाशिवायचा सोया सॉस दुकानात मिळतो. मी अजून साखरच जाळते.