आईच्या सीटखालचा आवाज

शनिवारी सकाळी चिंचपोकळीच्या पुलावर आमची गाडी बंद पडली… तीही आईला गिरगावात कानाच्या डॉक्टरांकडे नेताना.

झालं असं, की महिनाभर आई मागच्या सीटवर बसली की एकच म्हणायची, "झिला, माझ्या बुडाखाली कायतरी घुंय घुंय करता हा." मला पुढे काहीच ऐकू यायचं नाही. तिची उमेदीची वर्षं मिलच्या वाइंडिंग खात्यात गेली, त्या खडखडाटाने कान बिघडले असणार, असं मी आणि बायकोने परस्पर ठरवूनही टाकलं. डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली, तेव्हापासून आई गाडीत बोलेनाशी झाली.

पुलाजवळच्या गॅरेजमधून मेस्त्री आले. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही! मला फक्त चावी ऑन करायला सांगितली आणि स्वतः मागच्या सीटला कान लावला…

पंधरा वर्षं गाडी चालवतोय, पण आमच्या गाडीचा फ्युएल पंप मागच्या सीटखाली, पेट्रोलच्या टाकीत बुडालेला असतो हे मला तेव्हा कळलं. चावी ऑन केली की स्टार्टर मारण्याआधी तो दोनेक सेकंद बारीक आवाज करतो आणि पेट्रोल इंजिनकडे ढकलतो. आमचा ढिम्म. मेस्त्रींनी टाकीला खालून रबरी हातोडीने दोन टोले दिले, मी स्टार्टर मारला… आणि गाडी चालू! "हे गॅरेजपर्यंतच हां," ते म्हणाले.

पण पंप गेला कशाने? तर त्याला थंड ठेवतं ते टाकीतलं पेट्रोलच. आणि मी बाईकच्या दिवसांपासून रिझर्व्हवर पळवणारा… शिवाय तळाचा गाळ पंपाच्या जाळीत अडकतो, तो वेगळाच. पाव टाकी तरी कायम ठेवा, असं मेस्त्रींनी बजावलं.

जाण्याआधी पंप मोठ्याने घुंय घुंय करतो, तो आवाज कधीपासून येत होता, असं त्यांनी विचारलं. मी आईकडे वळून पाहिलं.

"म्हयनो झालो," आई म्हणाली. "पिवळो दिवो लागलो काय जास्त करता, टाकी भरली काय गप रवता."

मेस्त्री चाटच पडले. "मावशी, हे आधी सांगायचं ना!"

सांगितलं होतं, असं आई म्हणाली नाही. नुसती हसली. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टरांची अपॉइंटमेंट मी रद्द केली. आई माझी प्रत्येक पोस्ट वाचते, म्हणून इथेच लिहितो… आये, चुकलो. तुझे कान बिघडलेत असं ठरवण्याआधी मी एकदा मागे येऊन तुझ्या शेजारी बसायला हवं होतं.