पिल्लं शांत झाली

आता माझी अक्कल किती होती हे सांगायचं म्हणजे लाज वाटते. पण चहा घ्या, सांगतो.

गोष्ट ऐंशी सालच्या आसपासची. नाशिकच्या एका फार्मसी कॉलेजात मी फिटवरच्या औषधावर प्रबंध करत होतो. पांढरे उंदीर, तीन वयांचे: म्हातारे, तरुण आणि बारा दिवसांची पिल्लं. आधी औषध टोचायचं, मग झटके आणणारं दुसरं इंजेक्शन द्यायचं, आणि कोणाला झटके येतात ते बघत बसायचं.

मोठ्यांचं बघितलं. पण पिल्लांचं? त्यांचे डोळेसुद्धा उघडले नव्हते हो! बघवेना. इंजेक्शनं दिली आणि सरळ बाहेर पळालो. लक्ष ठेवायला बसवलं नामदेवमामांना. मामा पेठ तालुक्याकडचे, उंदरांचं दाणापाणी करायचे. त्यांच्या चार वर्षांच्या नातीला फिट यायच्या, त्यामुळे या औषधावर माझ्याइतकाच त्यांचाही जीव टांगलेला.

तासाभराने मी दारातूनच विचारलं, "मामा, झटके?"

"नाय सायब."

"एकालाही नाही?"

"नाय. समदी शांत झाली."

शांत! मी वहीत लिहून टाकलं: आठही पिल्लं शांत. झालाच की प्रबंध! धावत जाऊन पेढे आणले, दोन मामांच्या हातावर ठेवले.

"मामा, लहानांवर तर रामबाण निघालं! उद्या तुमच्या नातीलाही देता येईल!"

पेढे खाली पडले. मामांनी हात जोडले. "नको सायब. पोरीला फिट आली तं येऊ द्या. पन तिला शांत नका करू."

आता तरी डोक्यात प्रकाश पडावा की नाही? छे! मी माझ्या गाइड मॅडमना मिरवत पिंजऱ्यापाशी आणलं. त्यांनी एक पिल्लू उचललं. ते तळहातावर तसंच पडून राहिलं.

"डोस किती दिलास?"

मोठ्यांचाच! वजनाप्रमाणे कमी करायचा राहूनच गेला होता.

मॅडमनी माझ्या हातातल्या पुड्याकडे बघितलं. "आणि हे पेढे कशाचे? तेराव्याचे?"

मामांनी पिल्लं कॉलेजच्या मागे पुरली आणि महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. बरोबरच होतं त्यांचं. त्या आठ जिवांचं मला अजून वाईट वाटतं.

तेव्हापासून घरात कुणी गाढ झोपलं, की मी नाकाशी बोट धरून बघतो. परवा दुपारी बायकोने डोळे न उघडताच माझा हात झटकला.

"अहो, जिवंत आहे मी! आता तुम्ही शांत व्हा बघू!"