गौरीच्या पाळण्यातली साडी

भूत, भानामती, बाहेरचं... असलं काही कुणी बोलायला लागलं की मी उठून जाते. दाराला कुणी लिंबू-मिरची बांधली, तर त्यातलं लिंबू काढून सरबत करून पिणारी मी बाई. तरी हे लिहितेय, कारण डोकंच चालेनासं झालंय.

लातूरला एका दत्तक संस्थेच्या शिशुगृहात मी समाजसेविका आहे. सोडून दिलेली तान्ही लेकरं आम्ही सांभाळतो आणि त्यांना कायदेशीर आई-बाप मिळवून देतो. आमची एक पद्धत आहे. आई ठरली की तिची नेसलेली, न धुतलेली साडी मागवायची आणि बाळाच्या पाळण्यात अंथरायची. वास ओळखीचा झाला की नव्या घरी बाळ कमी रडतं.

गौरी आली तेव्हा तिची नाळही पडली नव्हती. पुढे अहमदपूरजवळच्या खेड्यातले शिवलीला आणि बसवराज तिचे आई-बाप ठरले, आणि नेमकं तेव्हाच पोरीने दूध सोडलं. बाटली लावली की मान फिरवायची. तपासण्यांत काही सापडेना, वजन उतरत चाललेलं. डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत बघू, नाहीतर ॲडमिट करा. मी घाबरले होते, लपवू कशाला?

त्यात शिवलीलाताईंनी साडीऐवजी कोरी झबली-टोपडी पाठवली. मी फोनवर चिडलेच. "ताई, नवं नको. अंगावरची साडी पाठवा, आणि लगेच."

"हाव मॅडम," एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघते तर गौरी रेहानाबींच्या मांडीवर गटागटा दूध पितेय. रेहानाबी आमच्या सगळ्यात जुन्या आया. पाळण्यात जांभळी इरकल अंथरलेली. धाडली बाई एकदाची, म्हणून मी कामाला लागले. कुणी आणून दिली, हे विचारायचं सुचलंही नाही.

पुढच्या आठवड्यात दोघं गौरीला न्यायला आले. भर दुपार, खोलीत लख्ख उजेड. शिवलीलाताईंनी पिशवीतून एक साडी काढली. "मॅडम, रागावू नका. नेसलेली साडी परक्याच्या हाती कशी धाडावी? लई लाज वाटली. म्हणून आज संगंच आणली."

"मग पाळण्यातली कुणाची?" मी रेहानाबींकडे पाहिलं.

"मला वाटलं तुम्हीच ठेवली, मॅडम. मी आले तवा पाळण्यातच होती की."

शिवलीलाताईंनी पाळण्यातल्या साडीचा पदर उलटा केला आणि मटकन खाली बसल्या. फाटक्या काठाला हिरव्या दोऱ्याचे टाके होते.

"हे टाके माझे हायत. घरात जांभळा दोरा नव्हता... आईची साडी हाय ही."

"मग आईंनीच पाठवली असेल," मी म्हणाले.

बसवराज भिंतीला टेकले. चेहरा पांढराफटक. "मॅडम, सासूबाई दिवाळीनंतर वारल्या. आमच्यात पुरतात. हीच साडी नेसवून ठेवलं त्यांना... माती मीच लोटली."

रेहानाबी तोंडातल्या तोंडात काहीतरी पढायला लागल्या.

"आईनं शेवटपर्यंत हो म्हटलं न्हाई," शिवलीलाताई रडत होत्या. "कुणाचं लेकरू, कोण्या जातीचं, माझ्या दारात आणू नको म्हणायची. तसंच बोलत गेली."

नंतर मी रात्रपाळीच्या आयांना, वॉचमनला, सगळ्यांना खोदून खोदून विचारलं. कुणालाच काही माहीत नाही. तशीच दुसरी साडी असेल म्हणावं, तर ते टाके? शिवणारीने स्वतः ओळखलेले? मला आजवर उत्तर सापडलेलं नाही.

त्या दिवशी शिवलीलाताईंनी गौरीला त्याच साडीत गुंडाळून उचललं. पोरगी शांत होती. दाराशी बसवराज हळूच म्हणाले, "गावात गेल्यावर... एकदा उकरून बघायचं का?"

"नका उकरू," त्या म्हणाल्या. "वाटंत अहमदपूरला गाडी थांबवा. एक साडी घेऊ. आई साडीबिगर तशीच असंल ओ तिथं."